आधी खालचं, मग पाणी

"…ते सगळं खरं, बाई, पण निळा कोणता? तेवढं सांगा."

बाई हसल्या. बोर्डावर कागद लावून, चिमटे नीट बसलेत का ते अंगठ्यानं दाबून बघत राहिल्या.

सकाळची वेळ. धरणाचा काठ. काठावर एकच बाभूळ, तिच्या तुटपुंज्या सावलीत सतरंजीचा तुकडा, आणि त्यावर बाई. द्वारकाबाई म्हमाणे. तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. कित्येक वर्षं काढलं काय, तर समोरचं हे पाणी. दुसरं काही नाही. पण ते असं काढलं, की भल्याभल्यांनी चित्रासमोर उभं राहून आवाज खाली आणावा.

विचारणारा होता हेरंब कवठेकर. पुण्याचा. आता हेरंब म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. जलरंगातलं निसर्गचित्र म्हटलं की त्याचं नाव निघतं. नद्या, घाट, तळी, खाड्या, सगळं जागेवर जाऊन, उघड्यावर बसून रंगवलेलं. बक्षिसं आहेत, शिष्य आहेत, आणि एवढ्या सगळ्याला शोभेल त्याहून थोडा जास्तच तोरा आहे.

पण वर्षभरापासून त्याला पाणी जमत नव्हतं. चित्रं व्हायची. चमक यायची, लाटा यायच्या, झाडांची प्रतिबिंबं अगदी सुरेख यायची. पण पाणी कागदावर नुसतं पसरून राहायचं. खाली जायचंच नाही. लोकांच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आलं होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, त्याचं नावच 'जल', आणि घरात असं एक चित्र नाही की ज्याकडे त्याला स्वतःला बघवेल.

"आता नाही जमलं तर ब्रश कायमचा ठेवून देणार," असं त्यानं आल्या आल्या बाईंना सांगून टाकलं होतं. जरा नाटकी आवाजात. पण खोटं नव्हतं ते.

"पाण्यावर मी खूप विचार केलाय, बाई," तो म्हणाला.

"बरं."

"पाणी म्हणजे काळ. पाणी म्हणजे आदितत्त्व. आणि मुख्य म्हणजे पाणी म्हणजे विस्मरण. सगळं पोटात घेतं आणि मागं काही ठेवत नाही. माझ्या प्रदर्शनाची सगळी मांडणीच त्यावर आहे."

"छान आहे."

…

"आणि तहान लागली की मग काय पितोस?" बाईंनी विचारलं.

हेरंबचे कान लाल झाले. एवढ्या लांब येऊन थट्टा करून घ्यायची हौस कुणाला असते? पण तो बसून राहिला. गरज त्याची होती.

"काढ बघू," बाई म्हणाल्या. "समोरचं काढ. मी बघते."

हेरंबनं परदेशी ट्यूब उघडल्या. रंगांची ताटली मांडली. कागद ओला केला आणि हां हां म्हणता समोरचा काठ, लांबची टेकडी, पाण्यावरचं ऊन सगळं उतरवलं. मधेच एक म्हैस पाण्यात शिरली, तीही त्यानं दोन फटक्यांत घेतली. म्हैस झकास झाली.

बाईंनी चित्र हातात घेतलं. लांब धरलं. जवळ धरलं.

"हात सुंदर आहे तुझा."

"पण?"

"पण यात खडा टाकला तर टक्कन वाजेल."

हेरंबनं चित्र परत घेतलं. वर्षभर जे त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं, ते बाईंनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. राग यावा की बरं वाटावं, तेच त्याला कळेना.

"म्हणून तर विचारतोय," तो म्हणाला. "निळा कोणता?"

"बघ."

बाईंनी आपली पेटी उघडली. शाळकरी पोरांची असते तसली, वड्यांची. निळी वडी होती खरी, पण बाईंनी तिला हातही लावला नाही. बारीक ब्रश ओला करून त्यांनी तपकिरी वडीवर फिरवला आणि रंग फिका केला. इतका फिका, की पाणचट चहा बरा. मग कागदाच्या खालच्या भागात, जिथं पाणी यायला हवं तिथं, त्या काढायला लागल्या.

एक रस्ता. रस्त्याच्या वळणावर पार. पाराच्या मागं एक आड, त्याचा एका बाजूनं झिजलेला काठ. मग घरं. एकेक घर, धाबं, देवळी, उंबरा. एका घराच्या भिंतीला टेकवलेली बाज. एका दाराशी उपडं घातलेलं घमेलं. बाई सावकाश काढत होत्या. घाई म्हणून नाही.

हेरंब बघत राहिला. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"हे कुठलं?"

"समोरचं."

त्यानं समोर बघितलं. लांबच लांब पाणी. म्हैस बाहेर निघून गेली होती.

"समोर तर पाणी आहे."

"हो. त्याच्या खालचं."

…

"उंबरटाकळी," बाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन इथं आले. हे शेटेंचं घर. हे आमचं. ही बाज माझ्या सासऱ्यांची. धरण झालं तेव्हा उचलून वर आणायची राहिली."

चित्र वाळलं. बाईंनी बोट टेकवून खात्री केली. मग रुंद ब्रश घेतला. आता कुठं निळी वडी भिजली, तिच्यात थोडा तपकिरी मिसळला, आणि त्या करड्या-निळ्या रंगानं भरलेला ब्रश बाईंनी डावीकडून उजवीकडे, सबंध गावावरून ओढला.

"अहो!" हेरंब अर्धा उठलाच. "अहो बाई, काय करताय! एवढं सुंदर काढलं होतं!"

बाईंनी मान वर केली नाही. पट्ट्याखाली पट्टा, ब्रश एकेकदाच फिरला. पार गेला, आड गेला, बाज गेली.

"परत फिरवायचा नाही," त्या म्हणाल्या. "एका जागी दोनदा फिरवलास की खालचं उकरून वर येतं. मग सगळा चिखल."

रंग वाळला तसं हेरंबनं वाकून पाहिलं. घरं दिसत नव्हती. रस्ता दिसत नव्हता. शोधूनही काही सापडत नव्हतं. पण पाणी होतं! खरंखुरं, खोल, गार. नजर त्यात शिरत होती आणि तळाशी कुठंतरी थांबत होती.

"म्हणजे युक्ती ही आहे तर," तो पुटपुटला.

बाईंनी पेल्यात चहा ओतला आणि पाण्याकडे बघत प्यायला लागल्या.

हेरंबनं नवा कागद लावला. युक्ती कळल्यावर तो काय थांबणार? फिक्या तपकिरीत त्यानं भराभर घरं काढली. कौलारू, माडीची, दोन देवळं, एक वेस, वेशीतून आत जाणारी बैलगाडी. हात चांगला, त्यामुळे दिसायला बाईंच्या गावापेक्षा हे गाव देखणंच झालं. वाळू दिलं. रुंद ब्रश भरला. एकेकदाच फिरवला.

वाळल्यावर पाहिलं, तर त्याच्या पहिल्या चित्रासारखंच सपाट. वरून जरा मळकट, एवढाच फरक.

"बाई, असं का?"

"कुणाची घरं होती?"

"कुणाची म्हणजे? घरं. अशीच."

"मग तिथं कुणी राहत नाही, बाबा."

हेरंब चिडला. "मला धरणात गेलेलं गाव नाही, बाई. मी फ्लॅटमध्ये वाढलो. तुमच्यासारखं दुःख मी आणू कुठनं?"

"गाव कुठं म्हटलं मी?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या पाण्याखाली काय आहे, एवढंच विचारते."

…

बगळा आला, काठावर उभा राहिला, कंटाळून उडून गेला.

"कागद आहे," शेवटी तो म्हणाला. आवाजातला तोरा कुठल्या कुठं गेला होता. "पाण्याखाली कागद आहे, बाई. बाकी काही नाही."

बाईंनी उरलेला चहा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं घेतला. निवलेला होता, तरी सगळा प्यायला.

"माझी बायको गेली," तो म्हणाला. "गेल्या वैशाखात. वृंदा नाव तिचं."

बाईंनी रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला.

"ती म्हणायची, एकदा माझं काढ ना. नेहमी म्हणायची. मी म्हणायचो, मी निसर्गचित्रकार आहे, मी माणसं काढत नाही. शिष्यांच्या देखत म्हणायचो! मोठेपणा वाटायचा मला त्यात. ती हसायची. आता तिचे फोटो आहेत घरात, पण मी त्यांच्याकडे बघत नाही. ती गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी घाटावर जाऊन रंगवायला बसलो. लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस."

…

"आठवते का?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"ती."

"न आठवायला काय झालं?"

"मग काढ."

हेरंबनं मान हलवली, नाही म्हणून. मग कागद लावला. बारीक ब्रश घेतला, तपकिरी रंग फिका केला, आणि नुसता बसून राहिला. ऊन सावलीच्या आत आलं. बाईंनी सतरंजी थोडी मागं ओढून घेतली.

मग ब्रश टेकला.

गॅलरीच्या दारात बसलेली बाई. एक पाय मुडपलेला, एक लांब केलेला. मानेवर घाईनं बांधलेला अंबाडा, सुटत आलेला. पुढं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मेथीची जुडी. मान खाली. एका हातात काडी, दुसऱ्या हाताची बोटं पानं खुडताहेत.

काढता काढता हेरंब एकदम हसला.

"या पेपरात माझ्या चित्राचा फोटो आला होता, बाई. घाटाचं चित्र. अर्ध्या पानभर! आणि ही त्याच्यावर मेथी निवडत बसली. मी असा भडकलो! म्हटलं, अगं, बघ तरी कशावर निवडतेयस भाजी! तर म्हणते कशी, 'बरंच झालं की, तुझ्या पाण्यात धुऊनच घेते.'"

बाई खळखळून हसल्या. तोही हसला. आणि हसता हसताच त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि तो रडला. त्यानं डोळे पुसले, ब्रश पुसला, आणि लांब केलेल्या पायाचं जोडवं काढायचं राहिलं होतं ते काढलं.

चित्र पुरं झालं.

बाई जवळ सरकल्या. बघत राहिल्या.

"ही हाडामांसाची आहे," त्या म्हणाल्या.

हेरंबलाही ते दिसत होतं. अख्ख्या आयुष्यात त्यानं काढलेल्या चित्रांत असं एक नव्हतं. फिक्या रंगाच्या चार रेषा, आणि वृंदा बसली होती. आता मान वर करून म्हणेल, मीठ संपलंय, येताना आण.

"वाळलंय," बाई म्हणाल्या. "आता पाणी घाल."

"नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, बाई. हे मी नेतो. असंच. पाण्यासाठी दुसरं काहीतरी काढीन."

"ने."

त्यानं एक चिमटा काढला. दुसऱ्या चिमट्यावर हात ठेवून थांबला.

"तुम्ही अडवत का नाही?"

"तुझी बायको आहे. मी कोण अडवणार?"

…

बाई पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"धरण भरायला लागलं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पाणी आधी आडात वाढलं. नदी अजून लांब होती. पण आडाचं पाणी रोज वर यायचं. आम्ही बायका खूश. दोर कमी सोडावा लागतो म्हणून. सासू म्हणाली, देव पावला."

"मग?"

"मग आड भरला."

हेरंबचा हात चिमट्यावरून खाली आला.

"सासू वरच्या नव्या घरात आली, ती या बाजूचं दार तिनं कधी उघडलं नाही. मरेपर्यंत. मी तिला नावं ठेवायची. मी शहाणी ना! मी रोज इथं येऊन बसायची आणि गाव काढायची. कोरडं गाव. धुळीसकट. लोक यायचे, चित्र बघून रडायचे, घरी न्यायचे. समोर एवढं पाणी, आणि मी ते काढतच नव्हते. सासूनं दार लावून घेतलं होतं, मी ब्रश घेऊन बसले होते. दोघींचं एकच."

…

हेरंबनं चित्राकडं पाहिलं.

"हाक मारली तर ओ देईल असं वाटतं, बाई."

"मार."

"काय?"

"मार की हाक. इथं कोण ऐकतंय?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं.

"वृंदा," तो म्हणाला. अगदी हळू. घरात स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणावं तसं.

…

कागदावरची बाई मेथी निवडत राहिली.

तो पुन्हा हाक मारेल असं वाटलं. मारली नाही. काढलेला चिमटा त्यानं परत लावला.

रुंद ब्रश घेतला. परदेशी ट्यूब बाजूला पडल्या होत्या. बाईंची पेटीच जवळ होती, त्यातला निळा भिजवला, तपकिरी मिसळला. ब्रश भरला आणि कागदावर धरला. ब्रशाच्या टोकाशी थेंब जमत होता.

"तुम्ही घाला, बाई. माझ्यानं नाही होणार."

"आमच्या गावावर दुसऱ्यांनीच घातलं होतं रे," बाई म्हणाल्या. "तू तरी आपल्या हातानं घाल."

हेरंबनं श्वास घेतला आणि ब्रश टेकवला.

पहिल्या पट्ट्यात अंबाडा गेला. दुसऱ्यात पाठ आणि वाकलेली मान. मग हात, बोटं, मेथी, वर्तमानपत्र. ब्रश कुठंही परत फिरला नाही. सगळ्यात शेवटी लांब केलेला पाय. तिथं तो क्षणभर थांबला, आणि मग तेही केलं.

ब्रश खाली ठेवला. हात मांडीवर पुसले. ते निळे झाले होते आणि पँटही निळी झाली, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

रंग हळूहळू वाळत गेला. वरची चमक उतरली आणि कागदावर पाणी स्थिर झालं. दुपारचं, शांत, काठापासून आत आत खोल होत गेलेलं. खडा टाकला असता तर कुठवर गेला असता, सांगता आलं नसतं.

हेरंबला ते पाणी दिसत नव्हतं. तो त्यात फक्त तिला शोधत होता. पाठ होती तिथं शोधलं, हात होते तिथं शोधलं.

"गेली," तो म्हणाला.

बाई पुढं झुकल्या. चित्राकडं पाहिलं. मग समोरच्या पाण्याकडं बराच वेळ पाहत राहिल्या.

"कुठं गेली?" त्या म्हणाल्या. "हातभर खाली तर आहे."